१८५७ ची घागर आणि इतर भांडी : कोरलेल्या नावावरून काळ कसा काढायचा

मागच्या दिवाळीआधी एक तरुण गडी तांब्याची घागर पोत्यात गुंडाळून दुकानात आला. "मामा, ही बंडातली घागर हाय बघा. सत्तावन सालची. साल घातलंय वर." गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव आणि त्यापुढं १८५७, अगदी स्पष्ट. मी घागर उजेडाला तिरकी धरली. आकड्याच्या अलीकडं हिरवट डागाखाली "श." निघालं, पलीकडं संवत्सराचं नाव, "युवा". म्हणजे शके १८५७. म्हणजे इसवी १९३५. गड्याचं तोंड एवढंसं झालं. त्याला चहा पाजला आणि म्हटलं, नव्वद वर्षांची घागर काय कमी झाली का?

अशी माणसं आता महिन्याला दोन-तीन तरी येतात. २०१९ च्या पुरानंतर जास्तच. तेव्हा कोल्हापुरात शाहूपुरी, शुक्रवार पेठेतल्या घरांतनं माळ्यावरची, पलंगाखालची सगळी भांडी गाळासकट बाहेर निघाली आणि धुताधुता लोकांना पहिल्यांदा कळलं की त्यांच्यावर नावं आहेत. आमच्या घरात तीन पिढ्या नावं घालायचं काम. आजोबा बाजारात पथारी टाकून बसायचे, आबा, म्हणजे वडील, महाद्वार रोडला एका भांड्याच्या दुकानाच्या फळीवर, आणि मी १९७४ पासून. तेव्हा मी शाळेतनं आल्यावर आबांच्या शेजारी बसून वाट्यांवर हात साफ करायचो. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो.

आधी हे डोक्यात पक्कं करा

भांड्याचं वय वेगळं आणि नावाचं वय वेगळं. आजीच्या आईची कळशी नातीच्या लग्नात कल्हई करून, नातीचं नाव घालून दिलेली मी स्वतः पाहिलीय, नव्हे, ते नाव मीच घातलंय. नावावरून कळतं ते नाव कधी घातलं एवढंच. भांडं त्याच्या आधीचं असू शकतं, नंतरचं नाही. एका भांड्यावर दोन नावं असतील तर काठाजवळचं, मोक्याच्या जागेचं बहुतेक आधीचं. दुसऱ्याला उरलेली जागा मिळते.

घासायच्या आधी वाचा

चिंच, लिंबू, पितांबरी काही लावू नका. पॉलिशच्या चाकावर तर अजिबात नेऊ नका. हे मी अनुभवानं सांगतो. माझ्या आजीचा पितळी तांब्या मी ऐन जवानीत चकाचक करून आणला. नाव राहिलं, सालाचा शेवटचा आकडा गेला. आता तो १९३ आणि पुढं गुळगुळीत. मोठी बहीण अजून ऐकवते.

नुसत्या ओल्या फडक्यानं पुसा, वाळू द्या. मग नावावर तांदळाची कोरडी पिठी चोळा आणि तळहातानं वरवर झटका. ठिपक्यांत पिठी अडकून राहते आणि अक्षर पांढरं उठतं. रांगोळी वापरू नका, ती खरखरीत असते, ओरखडे पडतात. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च भांड्याला जवळजवळ चिकटवून बाजूनं मारा आणि फोटो काढा. समोरनं मारलेल्या उजेडात काहीही दिसणार नाही. त्यातूनही अडलं तर पातळ कागद ठेवून वरनं पेन्सिल आडवी घासा.

भांड्याच्या आत बोट फिरवायला विसरू नका. पत्रा पातळ असेल तर ठिपका आतनं फुगतो. बाहेर झिजून गेलेलं अक्षर आतनं उलटं वाचता येतं. माझ्या हातून अशी दोन-तीन नावं सुटली आहेत.

साल असेल तर

साल असलं की सोपं, असं वाटतं. पण सगळ्यात जास्त घोटाळे तिथंच होतात.

भांड्यावरचं १८ नं सुरू होणारं साल शके धरून चाला, जोवर दुसरा पुरावा मिळत नाही तोवर. शकात ७८ मिळवले की इसवी सन. मात्र नवं शक गुढीपाडव्याला लागतं, त्यामुळे तिथी माघ-फाल्गुनातली असेल तर ७९ मिळवायचे. लग्नाच्या भांड्यांना हा फरक लागतोच, कारण माघ-फाल्गुनात मुहूर्त भरपूर.

संवत्सराचं नाव असेल तर खात्रीच करता येते. शकात १२ मिळवा, ६० नं भागा, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक, प्रभव पहिला धरून. आपल्या घागरीचं बघा: १८५७ अधिक १२ म्हणजे १८६९. साठानं भागून बाकी ९. नववा संवत्सर युवा. जुळलं. बंडाच्या वर्षी, म्हणजे शके १७७९ ला, हाच हिशेब केला तर बाकी ५१ येते, तो पिंगल. घागरीवर पिंगल असतं तर मी त्या गड्याला चहाबरोबर मिसळही खिलवली असती.

नुसतं "सन ३५" असलं तर इसवी धरा. "ता." लिहिलंय की "दि." हेही बघा. आबांच्या पिढीला तारीख म्हणजे "ता.", "दि." हे मी गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवर मोठेपणीच बघायला लागलो. ठिपक्यांत १ आणि ९ ची फार गल्लत होते. १ ची शेपटी आणि ९ ची शेपटी कुठं वळते ते भिंगातनं बघा. वजन कोरलेलं असेल आणि ते "२॥ शेर" असं असेल, म्हणजे अडीच शेर, तर ते किलो रुळायच्या आधीचं. दशमान वजनं आपल्याकडं १९५८ नंतर टप्प्याटप्प्यानं आली.

नाव वाचायच्या आधी हात वाचा

लोक नाव वाचतात. आम्ही ठिपका वाचतो.

जुनं काम म्हणजे टोकदार खिळा आणि हलकी हातोडी. भांडं मांडीवर, खाली गोणपाटाची घडी. आबा आधी शिरोरेघ एका दमात ठोकत जायचे, नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग तिला अक्षरं लोंबकळवायची. शब्दांमध्ये रेघ तुटायची नाही. त्यामुळे "सौकाशीबाईगणपतराव" असं सलग लिहिलेलं दिसलं तर ते अडाणीपणाचं नाही, जुन्या सवयीचं आहे. कागदावर मोडी लिहिणारी माणसं अशीच आधी ओळ आखून घ्यायची. आजोबांच्या हाताला तेच वळण. पुढच्या पिढीनं शाळेत छापील बाळबोध गिरवलं, तिची रेघ शब्दाशब्दाला तुटते.

ठिपके किती जवळ आहेत ते बघा. चांगल्या कारागिराचे इतके दाट की लांबनं रेघच वाटावी. गोल वळणावर ठिपके विरळ होतात, "क"च्या पोटात आणि "ळ"मध्ये हात कळतो. लग्नसराईच्या गर्दीतली नावं विरळ आणि उतरती असतात, ती बघून काळाचा अंदाज काढू नका. ते फक्त मे महिन्याचा उकाडा सांगतं.

मग आलं मशीन. विजेवर थरथरणारी सुई, पेनासारखी धरायची. आम्ही १९७९ ला घेतलं. तिची रेघ सलग, उथळ, कडेला बारीक कुसळ. अक्षर हातच्या लिखाणासारखं धावतं, शिरोरेघ कित्येकदा गाळलेली. स्टीलवर खिळा नीट बसत नाही, घसरतो. म्हणून स्टील आणि मशीन हातात हात घालून आले. मध्यमवर्गीय घरांत स्टील शिरलं ते साठ-सत्तरच्या दशकांत. त्यामुळे स्टीलच्या डब्यावर ठोकलेले ठिपके दिसले तर ते पहिल्या काही वर्षांतलं, आमच्यासारख्यांनी घाम गाळून केलेलं काम. उलट तांब्याच्या जुन्या हंड्यावर मशीनची रेघ दिसली तर हंडा कितीही म्हातारा असो, नाव सत्तरीच्या नंतरचं.

भिंगातनं ठिपक्याची कड बघा. पन्नास वर्षं राखेनं घासलेल्या ठिपक्याची कड लोण्यासारखी बसलेली असते. नव्यानं ठोकून "जुनं" म्हणून विकलेल्या भांड्यात कड धारदार, आणि खड्ड्याच्या तळाला आजूबाजूपेक्षा जास्त चकाकी. भांड्याला पोचा आलाय आणि तो अक्षरावरनं गेलाय, तर नाव आधीचं. भोक झाळून घेतलंय आणि झाळ अक्षरावर चढलीय, तरी तेच.

हे काही आपलंच वेगळेपण नव्हे बरं का. माझी भाची नवऱ्याच्या नोकरीसाठी इंग्लंडात बेडफर्डला असते. तिनं तिथल्या जुन्या लेस विणायच्या कांड्यांचे फोटो पाठवले. आपल्या इचलकरंजीच्या मागावरची कांडी तशी नाही. या हाडाच्या, बोटभर, टोकाला मण्यांचं कडं. त्यांवर नावं कोरलेली, आणि कशी? ठिपक्याठिपक्यांनी! बारीक भोकं पाडून त्यांत लाल, निळा रंग भरलेला. मी फोटो मोठा करून तासभर बघत बसलो. तिथले जाणकार कांडी कुणी केली हे अक्षराच्या वळणावरनं सांगतात. डीनशँगरचा जेसी कॉम्प्टन, क्रॅनफिल्डचा "बॉबिन ब्राऊन", अशी त्यांची नावंही ठाऊक आहेत. "मेरी" असलं नाव काळ सांगत नाही, कारण मेऱ्या शंभर वर्षं जन्मत होत्या. हात सांगतो. एक कांडी तर फाशी गेलेल्या माणसाची: विल्यम वर्स्ली, १८६८. फाशी बघायला आलेल्या गर्दीला आठवण म्हणून विकायचे म्हणे. आमच्याकडं असलं गिऱ्हाईक अजून आलं नाही.

बिन, कोम आणि रा. रा.

नावाच्या मागंपुढं जे शब्द असतात ते नावापेक्षा जास्त बोलतात.

"सखुबाई कोम तुकाराम" म्हणजे तुकारामाची बायको सखुबाई. "रामा बिन लक्ष्मण" म्हणजे लक्ष्मणाचा मुलगा. ही दफ्तरातली भाषा, तलाठ्या-कुलकर्ण्यांची. भांड्यावर "कोम", "बिन" किंवा "भ्रतार" दिसलं आणि आडनाव नसलं तर मी ते स्वातंत्र्याच्या बरंच आधीचं धरतो. आडनाव घालायची हौस नंतरची. "रा. रा." म्हणजे राजमान्य राजश्री, त्याची जागा पुढं नुसत्या "श्री."नं घेतली. "गं. भा." विधवेसाठी, आता "श्रीमती" घालतात. "यांजकडून" जुनं, "यांच्याकडून" मधलं, "सप्रेम भेट" त्याच्याही नंतरचं. "चि. सौ. कां." मात्र काही सांगत नाही, ते कालच्या लग्नातही होतं.

आबा अक्षरावर पैसे घ्यायचे, जोडाक्षर एकच धरायचे. त्यामुळे जुन्या भांड्यांवर भयंकर काटछाट दिसते. "कृ" एवढ्यावर कृष्णाजी भागवलाय. आखूड नाव बघून गरिबी समजू नका. कोल्हापुरात पैसेवाला माणूसही अक्षराला घासाघीस करतो.

शुद्धलेखनाचा पुरावा जपून वापरा. "गांव", "नांव" असे अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या नियमांनी काढले, हे खरं. पण आबा १९८५ पर्यंत "नांव"च ठोकत होते, त्यांना कुणी नियम सांगितलाच नव्हता. म्हणजे अनुस्वार असला तर जुनं असं नाही, घालणारा जुना. एक खूण मात्र बरी: "अिंदुमती", "अुषा" असं लिहिलेलं. अ ला वेलांटी-उकार लावायची ही सावरकरांच्या लिपिसुधारणेतली पद्धत, आणि पलीकडं किर्लोस्करवाडीच्या मासिकांतनं ती आपल्या भागातल्या शिकलेल्या घरांत गेली. तीस-चाळीसच्या दशकांतली ही हौस. असं भांडं सापडलं तर देणारा वाचणारा माणूस होता एवढं नक्की.

नावाची फॅशन

आता तुम्ही ज्याची वाट बघताय ते. माझा स्वतःचा ठोकताळा असा: भागीरथी, गोदाबाई, सोनाबाई, अंबूबाई, आक्काताई, हौसाबाई हा सगळ्यात जुना थर. मग मालती, कुसुम, विमल, सुमन, शालिनी, शकुंतला. मग सुनीता, संगीता, अनिता, सुजाता, आणि नंतर स्नेहल, अश्विनी. आबांच्या वह्यांत आणि माझ्या वह्यांत हे थर चिखलाच्या थरांसारखे दिसतात. पुरुषांत बाळगोंडा, दादगोंडा, आण्णाप्पा अशी नावं असली तर घर शिरोळ-हातकणंगल्याकडचं, बहुतेक जैन किंवा लिंगायत. काळ त्यातून कळत नाही, कारण ती नावं आजोबांकडनं नातवाकडं जातात. शाहू, राजाराम यांचंही तेच.

पण गणित करायला चुकू नका. नाव ठेवलं बारशाला, कोरलं लग्नाला. मधली वर्षं धरायला पाहिजेत. किती? १९३० ला शारदा कायदा लागू झाला तेव्हा मुलीचं किमान वय चौदा ठरलं, १९४९ ला पंधरा, १९७८ ला अठरा. त्यामुळे जुन्या थराला दहा-चौदा वर्षं मिळवा, सुनीता-संगीतांना वीस. दुसरा खड्डा असा की लग्नात मुलीचं नाव बदलायचे. भांड्यावरचं नाव सासरचं असेल तर ते लग्नाच्या वेळच्या आवडीचं, बारशाच्या नव्हे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "तुमचं माहेरचं नाव काय होतं?" हे विचारल्याशिवाय या पायरीवर थांबू नका.

गावाचं नाव

हा पुरावा मला सगळ्यात आवडतो, कारण तो वाद घालत नाही. जयसिंगपूर शाहू महाराजांनी १९१७ ला वसवलं, वडिलांच्या नावानं. भांड्यावर जयसिंगपूर असेल तर १९१७ च्या आधीचं नाहीच. शाहूपुरी पेठ १८९५ ची. राधानगरी हे नावही शाहू महाराजांनी मुलीच्या नावावरनं दिलेलं. आणि "इलाखा करवीर" असेल तर संस्थानातलं, १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि हळूहळू सगळे "जि. कोल्हापूर" लिहायला लागले.

एक ताम्हन, पुरतं

गेल्या वर्षी एक ताई तांब्याचं ताम्हन घेऊन आल्या. काठावर गोल फिरवत घातलेलं: "रा रा दत्तात्रय यांस अधिक श्रावण वाण मु वडणगे इलाखा करवीर". साल नाही. ताईंच्या आजोबांचं नाव दत्तात्रय, पण पणजोबांच्या चुलत्यांचंही दत्तात्रयच. कुणाचं हे?

धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे घालून दिलेलं वाण हे. आता अधिक महिना दर पावणेतीन वर्षांनी येतो, पण अधिक श्रावण म्हटलं की पर्याय एकदम कमी होतात. तो आठ, अकरा किंवा एकोणीस वर्षांनी फिरतो: २०२३, २००४, १९८५, १९७७, १९६६, १९५८, १९४७. ठिपके हातोडीचे, शिरोरेघ शेवटपर्यंत सलग, म्हणून २०२३ आणि २००४ गेले. "रा. रा." आणि "इलाखा करवीर", म्हणून १९८५, १९७७, १९६६ आणि १९५८ गेले. संस्थान जाऊन नऊ वर्षं झाल्यावर इलाखा कोण घालून घेईल? राहिलं १९४७, किंवा त्याच्याही आधीचा एखादा फेरा. मी विचारलं, आजोबांचं लग्न कधीचं? त्यांनी तिथनंच आत्याला फोन लावला. आत्या म्हणाल्या, स्वातंत्र्याच्या आदल्या उन्हाळ्यात. म्हणजे लग्नानंतरचा पहिला धोंडा हाच. ताम्हन आजोबांचं.

पंधरा ऑगस्ट त्या वर्षी अधिक श्रावणातच पडला होता. हे सांगितल्यावर ताई ताम्हन दोन्ही हातांनी धरून बसल्या, मला नाव घालायला दुसरं गिऱ्हाईक थांबलेलं.

स्वतःची वही करा

साल घातलेली भांडी जमतील तेवढी बघा आणि फोटो एकाखाली एक लावा. दूध संस्था आणि पतसंस्था सभासदांना जे डबे, घमेली वाटतात त्यांवर सभेचं वर्ष असतं. मशीनच्या अक्षरांसाठी ते उत्तम. देवळाला दिलेल्या समया आणि घंटा बघा, तिथं लोक तिथी-शकासकट घालतात. दोन-अडीच डझन झाले की डोळा आपोआप बसतो.

तुमच्या भांड्यावर शेवटच्या अक्षराखाली, काना जिथं संपतो तिथून बोटाच्या पेराइतकं खाली, एकच सुटा ठिपका असेल आणि "श"ची गाठ उघडी राहिली असेल, तर तेवढं मला आणून दाखवा. तो आबांचा हात. १९६१ ला त्यांच्या उजव्या अंगठ्याला लागलं, त्यानंतर त्यांची "श"ची गाठ मिटायला लागली, कारण खिळा ते दोन बोटांत धरायला लागले. उघडी गाठ असेल तर ६१ च्या आधीचं. आजवर अशी एकोणीस भांडी पाहिलीत.